काजवा वळणातली नावं

१६ सप्टेंबर

पोचलो. मी, बाबा आणि सामान, सगळे धड. कपाटाचा आरसा बसच्या पोटात फुटणार याची मला खात्री होती, पण तोही शाबूत निघाला. लिपोवित्सा म्हणजे एक चौक, एक चर्च, एक बंद कारखाना आणि बाकी सगळ्या चारमजली सिमेंटच्या इमारती. सध्या प्रत्येक बाल्कनीत मिरच्या भाजणं चाललंय. राजधानीत, सोफियात, आमच्याकडे कुणी मिरची भाजली की वरची बाई पोलिसांना बोलवायची धमकी द्यायची. बाबांनी बसमधून उतरताच लांब श्वास घेतला आणि जाहीर केलं की आता हृदयाच्या गोळ्या बंद, यापुढे मी वासावर जगणार. बत्तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस आहे. बोलतो तोही रस्त्यावरच्या लोकांनी बाजूला व्हावं अशा आवाजात.

नगरपालिकेने दिलेलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. ऊन भरपूर, लिफ्ट कुरकुरणारी. खालच्या मजल्यावरची वेनेतामावशी मिरचीच्या चटणीची बरणी घेऊन लगेच वर आली. नवरा कधीचा गेला, मुलगा जर्मनीत, असं एका दमात सांगून झालं. मग तिने बाबांना वय विचारलं, बाबांनी पाच वर्षं कमी सांगितलं, आणि ती म्हणाली की माझ्यासमोर काय लाजता, मी काही तुम्हाला मागणी घालत नाहीये. सहा वर्षांनी बाबांना कुणीतरी चिडवलं. आई गेल्यापासून ते काम मी एकटीच करत होते.

सोफियातली नोकरी गेली तेव्हा वाटलं होतं, आता कसलं काय. पण बरं झालं. खरंच बरं झालं.

१७ सप्टेंबर

आज कामाला हात घातला. इथल्या ‘स्वेतुल्का’ कारखान्यात, स्वेतुल्का म्हणजे काजवा, पूर्वी कॅल्क्युलेटर आणि दुकानातली गल्ल्याची यंत्रं बनायची. त्यांच्या काळ्या पट्टीवर हिरवे आकडे आणि अक्षरं उजळायची. सगळी आखूड सरळ दांड्यांची, गोलाई औषधालाही नाही. कारखाना तीस वर्षांपूर्वी बंद पडला, कामगारांना रस्त्यावर काढलं, आणि आता राजधानीतल्या पोरांना तीच अक्षरं फार गोड वाटतात. बिअरच्या बाटल्या, टोप्या, गाण्यांची कव्हरं, सगळीकडे हवीत. त्या पोरांपैकी एक मीही आहे, उगाच नाकं कशाला मुरडू.

मला ती सगळी वर्णमाला पूर्ण करून नगरपालिकेला ‘काजवा’ नावाचा फॉन्ट द्यायचाय. शिवाय तो कुठे कुठे वापरायचा तेही ठरवायचंय: बसथांबे, कॅफेचं मेनूकार्ड, कप, गावाच्या येत्या उत्सवाची पत्रकं. सांस्कृतिक खात्याचा यावोर म्हणतो, या गावाकडे विकण्यासारखं दुसरं आहे काय? हा इथलाच, पण बोलतो पाहुण्यासारखा. त्याची लाडकी कल्पना म्हणजे दारकार्ड. उत्सवात प्रत्येक इमारतीच्या दारावर राहणाऱ्यांची फोटोसकट ओळख लावायची, काजवा वळणात.

अक्षरं मात्र अप्रतिम आहेत. आमच्या लिपीतलं ‘झ’चं अक्षर म्हणजे सहा पायांचा किडा. तो सरळ दांड्यांत बसवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. इथल्या कुणा इंजिनिअरने मधला खांब चक्क काढून टाकला आणि तरी अक्षर वाचता येतं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले, मला शिकव म्हणाले. एका बोटाने दहा मिनिटं खपून त्यांनी ‘चिमणी’ असं लिहिलं. हे माझं घरातलं नाव, त्यांच्याशिवाय आता कुणी घेत नाही. म्हणाले, तुझ्या वाढदिवसाला मीच कार्ड करणार, आतापासून सांगून ठेवतो.

१९ सप्टेंबर

पहिलं दारकार्ड बाबांचं. ट्रामच्या गणवेशातला फोटो, खाली ठळक नाव, स्तामेन गेन्चेव, जन्माचं साल, आणि एक ओळ: इथे राहतात, दार वाजवा, गप्पा मारा. कडा नारिंगी करायची होती, पण छपाईयंत्रातली रंगाची शाई प्रवासात वाळली. काळी आली. फोटोही काळा-पांढरा. म्हटलं, नमुनाच तर आहे. इमारतीच्या दारावर चिकटवला.

बाबांनी खाली येऊन पाहिला. म्हणाले, चिमणे, मला पार मारून टांगलंस की गं. दोघंही इतके हसलो की समोरच्या इमारतीतून कुणीतरी खिडकी उघडून पाहिलं.

२० सप्टेंबर

लाजेने मरायची वेळ आली.

आमच्या देशात कुणी गेलं की फोटोचं शोकपत्रक दारावर, खांबावर, बसथांब्यावर लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी आयुष्यभर ती बघत आलेय. आणि मीच काळ्या चौकटीत बापाचा फोटो घालून दारावर लावते! काल हसताना वाटलं ती थट्टा आहे. सकाळी साडेनऊला बेल वाजली. वेनेतामावशी, तिच्यामागे जिन्यावर सात-आठ बायका. मावशीच्या हातात ताट, ताटात मृताच्या नावाने वाटतात ते उकडलेले गोड गहू, वर पिठीसाखर. दार बाबांनीच उघडलं, गळ्यात नॅपकिन, तोंडात घास.

मावशी पांढरी पडली. पण ताट पुढे झालं होतं. बाबांना असली संधी कुठली सोडवते. त्यांनी एक चमचा गहू तोंडात टाकले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, देव त्याला क्षमा करो. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, म्हणजे मला.

एकही बाई हसली नाही. मागून एकीने छातीवर क्रूसाची खूण केली. कुणीतरी पुटपुटलं की आम्ही खाली त्याच्या नावाने वाईनही सांडली. मी हजार वेळा माफी मागितली, धावत खाली गेले आणि कागद टराटरा फाडून काढला. मावशी जिन्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, पोरी, हे काय केलंस. मला वाटलं, लावल्याबद्दल म्हणतेय.

२३ सप्टेंबर

यावोरला सांगितलं तर तो टाळ्या वाजवायचा बाकी होता. म्हणे, हा किस्सा उत्सवाच्या पत्रकात घालूया, लोकांना असलंच हवं असतं. पत्रकाचा नमुना त्याला आवडला. एकच दुरुस्ती सुचवली: खाली त्याचं स्वतःचं नाव आहे, ते साध्या टाइपात ठेव. का विचारलं तर म्हणाला, स्वच्छ दिसतं.

कॅफेवालीला नवं मेनूकार्ड दिलं. पदार्थ तिला चालले. मालकीण म्हणून छापलेलं स्वतःचं नाव मात्र तिने माझ्यासमोर कात्रीने कापून काढलं आणि बिल न घेता कॉफी दिली. अक्षरं गोड, फक्त नाव दुसऱ्याचं पाहिजे. गाव हुशार आहे.

बाबांना बाजारात एका म्हातारीने फुलं दिली. चार. जिवंत माणसाला सम संख्येत फुलं कुणी देत नाही. बाबा म्हणाले, बिचारीला मोजता येत नसेल. पाण्यात ठेवायला लावली.

२७ सप्टेंबर

आता कुणी बाबांना नमस्कार करत नाही. वाईट वागत नाहीत, तसं असतं तर भांडता आलं असतं. ते फक्त माझ्याशी बोलतात. पाववाली बाबांसमोर मला विचारते की एकटीला जड जात असेल ना गं. बाबा तिला मोठ्याने सांगतात, अहो बाई, मी इथे उभा आहे. ती माझ्या हातावर थोपटते.

बाबांना आधी मजा वाटली. ट्रामच्या दारात उभं राहिलेलं माणूस जसं काही ऐकूच येत नाही असं दाखवतं, तसे हे सगळे आहेत, म्हणाले. मग काल दुकानाचं आपोआप उघडणारं दार त्यांच्यासमोर उघडलं नाही. ते मागे आले, पुन्हा गेले. मी गेले तेव्हा उघडलं. परत येताना ते माझ्या दंडाला धरून चालत होते. बाबा कधी कुणाचा दंड धरत नाहीत.

३० सप्टेंबर

दवाखान्यात नंबराची चिठ्ठी घेतली. भिंतीवरच्या पट्टीवर दांड्यांचे लाल आकडे बदलत होते. आमच्या आधीचा आला, मग आमच्या नंतरचा. मी खिडकीशी जाऊन भांडले. तिथल्या बाईने यंत्रात बघितलं आणि शांतपणे सांगितलं की गेन्चेव यांचं कार्ड बंद झालंय. कुणी बंद केलं? तिला माहीत नाही. मी बाबांना तिच्यासमोर उभं केलं. तिने माझ्याकडे बघून डोळे पुसले. वयाने माझ्याएवढीच असेल.

गोळ्या मी सोफियाहून मागवल्यात. बाबा म्हणतात, लागत नाहीत, छातीत काहीच होत नाही. मी हात ठेवून पाहिला. खरंच काहीच

नाही, ठोका असेल. माझा हात गार होता.

४ ऑक्टोबर

अंत्यविधीच्या दुकानात गेले. मेतोदी नावाचा मालक, पूर्वी कारखान्यात फोरमन होता. शेवटच्या महिन्यांत पगाराऐवजी कामगारांना यंत्रंच दिली, त्याच्या वाट्याला काजवा अक्षरं छापणारं एक आलं. त्याने दुकान थाटलं. तीस वर्षं या गावातलं प्रत्येक शोकपत्रक त्यावर छापलं गेलं. कारखाना गेला, कॅल्क्युलेटर भंगारात गेले, ही अक्षरं या गावाने दुसरीकडे कुठे पाहिलीच नाहीत. तो म्हणाला, तुम्हा शहरवाल्यांना त्यात जुनी गंमत दिसते. इथल्या माणसाला स्वतःची आई दिसते.

यावोरला हे माहीत होतं. इथेच वाढलाय तो. त्याच्या बापाचा कागद मेतोदीनेच छापला.

मेतोदीने मला रकिया, ती फळांची कडक दारू, ओतली आणि विचारलं की कागद पावसाने गेला की वाऱ्याने. मी सांगितलं, मी फाडला. त्याने स्वतःचा पेला खाली ठेवला. म्हणाला, आपण फाडत नाही, बाई. तो आपोआप जातो, नाहीतर त्यावर दुसरा लागतो. हाताने फाडलेला माणूस ना इथला राहतो ना तिथला पोचतो, आणि कागद लागल्यापासून चाळिसावा दिवस गेला की तिथेही त्याला कुणी घेत नाही. उपाय विचारला. म्हणाला, त्याच दारावर, त्याच जागी, दुसरं नाव. मग पहिला सुटतो. कुणाचं नाव? मेतोदी म्हणाला, ते मी कधी ठरवलं नाही, मी फक्त छापतो.

भाकडकथा. रकिया न पिता उठले.

९ ऑक्टोबर

बाबांचा आवाज गेला. म्हणजे आहे, पण दोन खोल्यांपलीकडून आल्यासारखा. त्यांची खुर्ची ते उठल्यावरही गार असते. पाव खाल्ला म्हणतात, बशीत पाव तसाच.

सोफियाला परत जाऊ म्हटलं, बस गाठली. ड्रायव्हर एकच तिकीट द्यायला लागला. दोन द्या म्हटलं तर दोन दिली. गावाची पाटी ओलांडली आणि शेजारची जागा रिकामी. मी ओरडले. बस थांबवली, मागे पळत आले. बाबा थांब्यावर बाकावर बसले होते. म्हणाले, चिमणे, तू चढलीस आणि मला विसरलीस की गं.

मी विसरले नव्हते. त्यांचा हात धरून बसले होते.

१५ ऑक्टोबर

यावोरला सांगितलं, काम थांबवा, फॉन्ट परत घेते. तो म्हणाला, करार झालाय, कप छापून आलेत. मग म्हणाला, वडिलांचं ऐकलं, वाईट झालं. मी कप उचलून भिंतीवर फोडला. त्याने तुकडे गोळा केले. ज्यावर नाव छापलं होतं तो तुकडा दोन बोटांत टोकाने धरून टाकला.

बाबांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसतील. नाही हसले तर मग मी काय करू.

२१ ऑक्टोबर

आज ते केलं. कॉम्प्युटरवर मावशीचं नाव लिहिलं. वेनेता, आडनाव, साल. एकटी आहे, मुलगा येत नाही, म्हातारी आहे — असं मी स्वतःला सांगत होते. मी, जिला तिने चटणी दिली.

अक्षरं सुरेख बसली. तीच तर घाण आहे त्यांची.

बटण दाबवेना. पुसलं. बाबा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. विचारलं, काय करतेस? काम, म्हटलं. म्हणाले, मला त्यातलं छापायचं बटण कुठलं ते परत दाखव ना. दाखवलं. त्यांना बटण दाबताना नीट दिसतही नव्हतं. मलाही त्यांचं बोट नीट

२५ ऑक्टोबर

दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. ढग आले की दिसतात. ऊन पडलं की मी पडदे ओढते.

मावशी जिन्यात भेटली. तिला म्हटलं, तुम्हीच केलंत हे, तुमच्या त्या गव्हांनी. ती रडली. म्हणाली, मी चांगल्या मनाने आणले होते गं. मला माहीत आहे. मीही कागद चांगल्या मनानेच लावला होता. सगळ्यांनी चांगल्या मनानेच

२७ ऑक्टोबर

उद्या चाळिसावा. उद्याच माझा वाढदिवस.

ठरलं. माझं नाव. सकाळी मेतोदीकडे जाऊन त्याच्याच यंत्रावर छापून घेते, म्हणजे चूक व्हायला नको. भीती वाटते. खूप वाटते. पण बाबांशिवायची भीती याहून मोठी आहे. जेवताना बाबांचा आवाज ऐकू आला, उद्या लवकर ये, चीज भरून बनित्सा भाजणार आहे, तुझ्या आईसारखी. पीठ मळायला हात कुठून आणणार ते —

२८ ऑक्टोबर

मेतोदीचं दुकान बंद. तासभर थांबले. परत आले.

दारावर कागद.

माझा फोटो. पहिलीतला, पुढचा दात पडलेला. वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. खाली एका बोटाने लिहिलेलं ‘चिमणी’, मग माझं नाव, साल. काजवा वळणात. जुन्या कागदाच्या गोंदाची चौकट दारावर राहिली होती, ती बघून बरोब्बर तिच्यात बसवलाय. कडेने बाबांच्या पेन्सिलची फुलं. काळी.

जिन्यात बनित्साचा वास. बाबा गात होते — मोठ्याने, बेसूर, ट्राम हाकल्यासारखे! धावत गेले. गाल लाल, बाह्या वर सारलेल्या, पीठ कोपरापर्यंत. मी रडले, बाबा, बाबा म्हणत गळ्यात पडले.

ते टोमॅटो कापत राहिले.

दोन ताटं मांडलीत. खिडकीतून खाली बघतात. फोन लावला त्यांनी, माझ्या खिशात वाजला, मी घेतला, ओरडले. ते म्हणतात, हॅलो, चिमणे, नुसती खरखर येतेय, कुठे आहेस, गार होतंय सगळं.

सांगायला हवं होतं. हसले असते तरी सांगायला हवं होतं.

आवाज पोचत नाही. म्हणून लिहितेय. त्यांच्या ताटाशेजारी वही ठेवून लिहितेय, हाताने लिहिलेलं दिसेल, हे माझं अक्षर, हे त्यांनीच गिरवून घेतलंय —

बेल.

मावशी. मागे बायका. ताट. बाबा हसतायत, म्हणतात, आज कोण गेलं बुवा? सवयीने चमचा उचलला. तोंडात. देव त्याला क्षमा

मावशी खाली बोट दाखवते. दाराकडे.

बाबांचा चमचा थांबला. वळले. माझ्या खुर्चीकडे बघतायत — बाबा, इकडे, वहीकडे, पेन हलतंय बघा, मी इथेच बसलेय, रडू नका, मी तुमच्यासमोरच, बाबा, मी